केंद्र कुठे? बांधावरून मोजा!



हमीभाव दिल्ली जाहीर करते. तो मिळतो मात्र खरेदी केंद्राच्या काट्यावर. झरी-जामणीच्या खेड्यातून त्या काट्यापर्यंतचे गाडीभाडे, हमाली आणि रांगेतली रात्र आमच्या माथी. कोसाकोसाला हमीभाव झिजतो. त्यात ओलावा १२ टक्क्यांवर निघाला की कापूस नापास! भरलेली गाडी परत नेणे परवडत नाही. मग फाटकाबाहेरचा व्यापारी म्हणेल तो भाव. केंद्र जितके लांब, तितकी आमची मान त्याच्या मुठीत. ज्वारीची गतही वेगळी नाही.

हे आजचे नाही. इंग्रजी अमदानीत विलायती कंपनीने यवतमाळ-मूर्तिजापूर रेल्वे टाकली ती कापूस नेण्यासाठी. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली; हद्दीपलीकडे आदिलाबादेत कापूस विकणे गुन्हा ठरले. सोय पाहिली ती नेणाऱ्याची, पिकवणाऱ्याची कधीच नाही.

आम्ही मेहेरबानी मागत नाही. केंद्राची जागा पुढाऱ्याच्या गावावरून नव्हे, आमच्या बांधावरून मोजा. ओलावा गाडी भरण्याआधी गावातच तपासा. हे जमत नसेल, तर वाहतुकीचा खर्च हमीभावावर वेगळा मोजा. आणि कुठेही, कोणालाही विकण्याच्या आमच्या हक्काला पुन्हा हात लावू नका!