बिंबले, रुजले, मुरले

मे महिना सरत आला की गावोगावच्या संस्कारवर्गांचे समारोप होतात आणि पाठोपाठ त्यांचे अहवाल लिहिले जातात. त्यांत एक वाक्य हमखास असते: बालकांच्या मनावर अमुक मूल्ये बिंबविण्यात आली. अवघ्या दहा दिवसांत, रोज दोन तासांत! कार्यकर्त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या क्रियापदाकडे मात्र क्षणभर थांबून पाहावयास हवे. बिंबविणे, ठसविणे, रुजविणे, बाणविणे, भिनविणे, मुरविणे असे कितीतरी शब्द मराठीने या एकाच व्यवहारासाठी घडविले आहेत आणि ते सारे परस्परांच्या जागी चालणारे नाहीत.

बिंब आणि प्रतिबिंब यांचे नाते सर्वांना ठाऊक आहे. मूळ वस्तू समोरून हलली की पाण्यातील प्रतिमाही जाते. शिक्षक वर्गात असेतोवर शांत बसणारी मुले हे त्याचे रोजचे उदाहरण. ठसा त्याहून टिकाऊ खरा; पण ज्या मेणावर तो उमटतो त्याला स्वतः काहीच करावे लागत नाही, आणि ऊब लागताच तेच मेण दुसऱ्या ठशालाही तितकेच तयार असते. रुजणे हा शब्द शेतातला आहे. बी पेरणे शेतकऱ्याच्या हाती असते, रुजणे नसते. शिवाय वाफसा आल्यावाचून जाणता शेतकरी तिफण शेतात घालीत नाही. परीक्षेत नापास होऊन आलेल्या मुलाला त्याच संध्याकाळी परिश्रमाचे महत्त्व सांगणारे वडील वाफसा न पाहताच पेरणी करीत असतात.

आणि मुरणे? तो तर स्वयंपाकघरातला शब्द. कैरीच्या फोडींना मीठ-मसाला लावून, बरणीच्या तोंडाला दादरा बांधून गृहिणी ती बरणी फळीवर ठेवून देते. मधूनमधून हलवते, एवढेच. दुसऱ्या दिवशी उघडून ‘मुरले का?’ असे ती विचारीत नाही.

या शब्दांची एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. ते चांगल्या-वाइटाचा भेद करीत नाहीत. लोणचे मुरते तसाच राजकारणीही मुरलेला असतो. अंगात कला भिनते तसे विषही भिनते. हाडीमाशी खिळते ती बहुधा खोडच. दारावर वसुलीवाला आला असता ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे मुलाला सांगणाऱ्या घरात सत्यनिष्ठेचे पाठांतर कितीही झाले, तरी मुरते ते दुसरेच. शाळेच्या परिपाठात मूल्यांची यादी मोठ्याने वाचली जाते आणि त्याच शाळेच्या प्रवेशासाठी पालक रहिवासाचा खोटा दाखला मिळवितात, हे मुलांना कळत नाही अशी समजूत केवळ मोठ्यांचीच असते.

व्याकरणही येथे काही सांगते. बिंबणे, रुजणे, बाणणे, मुरणे ही मूळ क्रियापदे अकर्मक आहेत. ‘-विणे’ लावून त्यांची प्रयोजके झाली. शिस्त अंगी बाणते, तेव्हा वाक्याचा कर्ता शिस्त असते, शिक्षक नव्हे. अहवालात मात्र नेमका उलटा क्रम लागतो: संस्कार करणारा कार्यकर्ता पुढे येतो आणि मूल उरते ते केवळ संख्येपुरते.

संस्कार या शब्दाची आपल्या शास्त्रांनी केलेली चिकित्सा याहून कितीतरी कठोर आहे. चरकाच्या मते संस्कार म्हणजे द्रव्यात निराळ्या गुणाचे आधान, आणि त्याच्या साधनांत पाणी, अग्नी, मंथन यांच्याबरोबर देश, काल व पात्रही मोजले आहे. त्यातच भावना येते. वैद्यांच्या भाषेत भावना म्हणजे आवळ्याच्या चूर्णात आवळ्याचाच रस घालून ते पुनःपुन्हा खलणे आणि वाळविणे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. तेथील भावना अनुभवातून जन्मते आणि स्मृतीला कारण होते. उपदेशाचा उल्लेख तेथे नाही. तिसऱ्या प्रकारासाठी चटईचे उदाहरण दिले आहे. वस्तूची स्थिती कितीही बदलली तरी तिला पुन्हा पूर्ववत करणारा तो स्थितिस्थापक.

संस्कारवर्गात दहा दिवस उलगडून ठेवलेल्या चटया जूनमध्ये घरोघरी परत जातात. त्यांपैकी किती पुन्हा गुंडाळल्या गेल्या, याचा रकाना कोणत्याही अहवालात नसतो. ते पाहावयाचे तर कार्यकर्त्याला जुलैमध्ये त्या घरी जावे लागेल, शक्यतो न कळविता, मूल शाळेतून येऊन दप्तर टाकते त्या वेळी.