पडद्याच्या अलीकडे, पलीकडे

सिंगापुरात फ्लॅट शोधणाऱ्या मंडळींना आमचा एकच सल्ला असतो: बघायला जायचं ते दुपारी चारनंतर. इथल्या घड्याळात सूर्य डोक्यावर येतो तो एकच्या सुमारास, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीचा छळ पार संध्याकाळी सातपर्यंत चालतो. ऊन तिरपं, थेट आत येणारं. वरच्या छज्ज्याचा तिथे काडीचा उपयोग नाही.

मग आपण काय करतो? जाड, गडद पडदा शिवून घेतो. उजेड जातो, खोली मात्र तापलेलीच! कारण ऊन काचेतून आत आलेलं असतं, ते पडद्यावर पडतं आणि पडदाच तापतो. त्याला लागून असलेली हवा हलकी होते, काच आणि पडदा यांच्यामधून वर चढते आणि वरच्या फटीतून खोलीत पसरते. तिच्या जागी खालून खोलीतली गार हवा ओढली जाते. पडदा कसला, धुराडंच म्हणा ना! शिवाय ऊन काचेतून जसं सहज आत येतं, तशी तापलेल्या पडद्याची धग काचेतून बाहेर जात नाही. एअरकॉन बिचारा उपसत बसतो, बिल आपण भरतो.

इमारतींचं गणित मांडणाऱ्यांनाही हीच फट छळते. हवा किती वाहणार हे वर, खाली आणि बाजूंना किती जागा मोकळी आहे त्यावर ठरतं. २००३ च्या आय.एस.ओ. १५०९९ या मानकात त्याची सूत्रं आहेत खरी, पण एअरकॉनचा झोत पडद्यावर आला की हिशेब बदलतो. सिंगापूरच्या नियमांनी सरळ वाट धरली. मोठ्या इमारतींच्या भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता मोजताना काचेबाहेरची सावली धरायची, आतले पडदे धरायचेच नाहीत. आम्हाला हे अगदी पटतं.

२००२ साली उघडलेल्या एस्प्लनेडला लोक ड्युरियन म्हणून हसतात, पण ते काटे म्हणजे काचेबाहेर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या सात हजारांवर सावल्याच आहेत. जुन्या काळ्या-पांढऱ्या बंगल्यांच्या व्हरांड्यात बांबूच्या चिका दिसतात, तेही तेच. (विदर्भातली वाळ्याची ताटी मात्र इथे आणू नका. या दमट हवेत तिचं पाणी सुकणार कधी?)

फ्लॅटला बाहेरून काही ठोकायचं तर परवानगीचा प्रश्न येतो. तेव्हा पडद्याला पांढरं अस्तर लावा, आणि ते काचेच्या बाजूला हवं, म्हणजे ऊन उजेडाच्या रूपातच परत फिरतं. एअरकॉन लावणार असाल तर पडद्यावर पेलमेट बसवून वरची फट बंद करा. बंद असेल तर पडद्यामागची खिडकी उघडी ठेवा, तापलेली हवा बरीचशी बाहेर निघून जाते. आणि देशातून आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार असतील, तर पश्चिमेची खोली मुलांना द्या. ती दुपारी शाळेत असतात. आई-बाबांना मात्र जेवणानंतर आडवं व्हायचं असतं, आणि "एअरकॉन कशाला, पंखा पुरे" असं ते म्हणणारच.