पाणी, पण चढणारं!

मंडळी, बियरवाल्याला तसं सगळं चालतं. कोमट बाटली चालते, परमिट रूममधले मऊ पडलेले फुटाणेही चालतात. पण ‘अरे, पाणीच आहे, थोडीशी किक आहे फक्त’ असं म्हणत कुणी पीच फ्लेवरचा कॅन पुढे केला की आपलं डोकं फिरतं!

या प्रकाराचं नाव हार्ड सेल्टझर. फंडा सोपा आहे. साखर आंबवून केलेलं अल्कोहोल, भरपूर सोडा आणि फळाचा जरासा वास. अल्कोहोल साधारण पाच टक्के, म्हणजे माइल्ड बियरइतकंच. 355 मिलिलिटरच्या कॅनमध्ये शंभरेक कॅलरी, त्यामुळे ऑफिसमधली जिमवाली गँग फिदा. चव? बर्फ वितळलेला लिंबू-सोडा. माल्ट नाही, हॉप्सचा कडवटपणा नाही. मग मसाला शेंगदाण्यांनी भांडायचं कुणाशी?

असो, चव ज्याची त्याची. माझं भांडण ‘पाणी’ या शब्दाशी आहे. मी गोदाकाठच्या नांदेडचा, आमच्याकडे निदान विष्णुपुरी आहे. रूममेट लातूरचा. त्याला कॅन दाखवला तर म्हणतो, ‘पाण्यासाठी टँकरवाल्याला मोजले, आता त्यात लिंबू पिळलं म्हणून बारवाल्यालाही मोजू काय?’

पठ्ठ्याचं खोटं नाही. यातला बडा ब्रँड व्हाईट क्लॉ अमेरिकेत आला 2016 मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर.

आता जरा हिशेब करू. एका कॅनपुरत्या अल्कोहोलसाठी पंचवीस-तीस ग्रॅम साखर आंबवावी लागते. ती उसाची असेल, तर आपल्याकडे किलोभर साखरेमागे उसाला दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जातं. म्हणजे एका कॅनमागे पन्नास-साठ लिटर! आणि हा ऊस मांजरा खोऱ्यात, म्हणजे लातूरच्या दारातच उभा असतो.

बियर तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे म्हणा! बार्लीलाही पाणी लागतंच. त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्याने तोडायला लावलं, त्यात बियरवालेही होते. पण बॉस, बियर स्वतःला पाणी म्हणवून घेत नाही. आपण काय पितोय ते पहिल्या कडू घोटालाच कळतं.

तेव्हा तुमचा पीच फ्लेवर तुम्हाला लखलाभ. फक्त ‘पाणीच तर आहे’ म्हणून चौथा कॅन उघडू नका आणि गाडीची किल्ली मित्राकडे द्या. मी आपली बियरच मागवणार. सोबत टेबलावर आलेली पाण्याची बाटली मात्र अर्धी टाकून उठायचं नाही. रूममेट बघत असतो!