खांद्यावरचे संपादनगृह



चित्रणाच्या व्यवसायात उतरलेल्या तरुणांकडून आता केवळ उत्तम चित्रण अपेक्षित राहिलेले नाही. सकाळी मुहूर्त साधला जातो, आणि सायंकाळच्या स्वागतसमारंभात त्याच विवाहाची तीन-चार मिनिटांची चित्रफीत पडद्यावर दिसावी, असे यजमानांना वाटते. मधल्या सहा-सात तासांत संपादन करावयाचे ते मंगल कार्यालयाच्या एखाद्या रिकाम्या खोलीत, पंगतीच्या गडबडीत, प्रसंगी मोटारीच्या मागच्या आसनावर. विजेचे सॉकेट जवळ असेलच असे नाही, आणि असले तरी त्यावर केटरिंगवाल्याचा हक्क आधीचा असतो. म्हणूनच असे काम करणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी लाख-दीड लाखाचा लॅपटॉप घ्यावयाची वेळ आली, की मॅक घ्यावा की विंडोज, हा प्रश्न घराघरांत उभा राहतो. अनेकदा ही रक्कम हप्त्यांवर उचललेली असते. निवड चुकली तर हप्ते चालू राहतात आणि काम मात्र हातचे जाते. विवाहसोहळ्याचे चित्रण पुन्हा घेता येत नाही.

माझ्या मते हा प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, ही अंगणासारखी आहे. प्रत्यक्ष वास्तव्य घरात होते, आणि ते घर म्हणजे संपादनाचा प्रोग्राम. आधी प्रोग्राम ठरवावा. कार्यप्रणालीचा निम्मा निर्णय त्यातच होऊन जातो.

फायनल कट प्रो हा संपादनाचा प्रोग्राम ॲपलच्या उपकरणांखेरीज कोठेही चालत नाही. तो शिकलेल्या व्यक्तीला विंडोजचा लॅपटॉप घेऊन देणे म्हणजे तबलजीला मृदंग आणून देण्यासारखे आहे. ॲडोबीचे प्रीमियर प्रो, आफ्टर इफेक्ट्स, फोटोशॉप आणि लाइटरूम हे मॅक व विंडोज या दोहोंवर चालतात, लिनक्सवर नाही. दाविंची रिझॉल्व्ह मात्र तिन्ही प्रणालींवर उपलब्ध आहे. त्याची मोफत आवृत्तीही बहुतेक कामाला पुरेशी आहे, आणि सशुल्क आवृत्ती मासिक वर्गणी न भरता एकदाच विकत घेता येते. ॲडोबीने २०१३ साली आपली नवी साधने केवळ वर्गणीवर देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हापासून हा भेद लहान व्यावसायिकाच्या हिशेबात महत्त्वाचा ठरला आहे. हंगाम चार महिन्यांचा आणि वर्गणी बारा महिन्यांची, हे गणित ज्याचे त्याने मांडून पाहावे.

एखाद्या प्रोग्रामशी आपण किती घट्ट बांधले जातो, याचे एक उदाहरण जुन्या संपादकांच्या चांगले स्मरणात असेल. २०११ मध्ये ॲपलने फायनल कट प्रो नव्याने लिहून प्रसिद्ध केला, तेव्हा आधीच्या आवृत्तीत केलेले प्रकल्प नव्या आवृत्तीत थेट उघडत नव्हते. वर्षानुवर्षांचे काम डिस्कवर सुखरूप होते, पण नव्या प्रोग्रामला ते वाचता येत नव्हते. पुढे इतर कंपन्यांनी रूपांतराची साधने केली, तरीही अनेकांनी त्या काळात प्रोग्रामच बदलला. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात प्रकल्प नेता येतो हे खरे. परंतु नेला जातो तो प्रामुख्याने तुकड्यांचा क्रम. रंगसंस्कार, परिणाम व शीर्षके बहुधा मागे राहतात. ज्याने अजून काहीच शिकलेले नाही, त्याने म्हणूनच रिझॉल्व्हपासून आरंभ करावा, असा माझा स्पष्ट कल आहे. उद्या प्रणाली बदलावी लागली, तरी प्रकल्प सोबत येतात.

प्रोग्राम ठरला तरी प्रवासातील कामाचा खरा कस बॅटरीवर लागतो, आणि येथे थोडे अंकगणित करणे आवश्यक आहे. लॅपटॉपच्या बॅटरीची क्षमता वॉट-तासांत मोजतात. विमानात विशेष परवानगीवाचून नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास असल्याने मोठमोठे लॅपटॉपही याच मर्यादेच्या आत थांबतात. समजा, बॅटरी ७० वॉट-तासांची आहे आणि संपादन करताना यंत्र ७० वॉट खाते. मग ते तासाभरात बंद पडणार. तेच यंत्र २० वॉटमध्ये तेवढे काम करत असेल, तर साडेतीन तास मिळतात. जाहिरातीतले ‘अठरा तास’ हे चित्रपट पाहत बसलेल्याचे तास असतात, संपादन करणाऱ्याचे नव्हेत.

विंडोजच्या ज्या लॅपटॉपांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असते, त्यांची बरीचशी शक्ती चार्जर जोडलेला असतानाच प्रकट होते. चार्जर काढताच यंत्र स्वतःला आवरते आणि दुकानात सुरळीत धावणारी चित्रफीत कार्यालयात अडखळू लागते. विंडोज प्रणालीला यासाठी सर्वस्वी दोष देणे योग्य नव्हे. तेवढी वीज बॅटरीतून देणेच कठीण असते. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःचा एम-वन हा प्रोसेसर आणला, तेव्हापासून मॅकबुकचे वर्तन याबाबतीत वेगळे आहे. प्रोसेसर, ग्राफिक्स आणि चित्रण उलगडणारा विभाग एकाच चिपवर असल्याने वीज कमी लागते आणि बॅटरीवरही वेग जवळजवळ तोच राहतो. मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही, त्यामुळे ते निःशब्द चालते. मात्र दीर्घकाळ रेंडर करत ठेवल्यास तापून मंदावते. लांब चित्रफिती करणाऱ्याने पंखा असलेले प्रो मॉडेल पाहावे.

विंडोजच्या गोटातही आता कमी वीज खाणारे लॅपटॉप आहेत. २०२४ च्या मध्यापासून स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे लॅपटॉप बाजारात आले आणि त्यांची बॅटरी चांगली टिकते. अडचण एवढीच, की जुन्या प्रोसेसरांसाठी लिहिलेले काही प्रोग्राम व प्लगइन त्यांवर रूपांतराच्या थरातून चालतात, तर काही चालतच नाहीत. आपले प्लगइन त्या यादीत आहे की नाही हे घेण्याआधी पाहावे, घेतल्यानंतर नव्हे.

आता एक गोष्ट, जी दुकानदार क्वचितच सांगतो. आजचे अनेक मिररलेस कॅमेरे एच.२६५ या स्वरूपात, दहा-बिट ४:२:२ प्रकारचे चित्रण करतात. रंगांवर काम करण्यास ते उत्कृष्ट, पण उलगडण्यास फार जड. एम-वनपासूनचे मॅक आणि अकराव्या पिढीपासूनचे इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स असलेले लॅपटॉप हे चित्रण चिपमधील खास विभागाकडून सहज उलगडून घेतात. एएमडी प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे पन्नास मालिकेपूर्वीचे कार्ड अशी जोडी असेल, तर महागड्या यंत्रातही हा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. मग लाखाचे ग्राफिक्स कार्ड स्वस्थ बसते आणि चित्र धक्के खात चालते. आपला कॅमेरा कोणत्या स्वरूपात चित्रण करतो हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

यावर एक जुना आणि खात्रीचा उपाय मात्र आहे, तो म्हणजे प्रॉक्सी. मूळ चित्रणाच्या कमी आकाराच्या, हलक्या प्रती करून त्यांवर संपादन करावयाचे आणि अंतिम चित्रफीत काढताना मूळ चित्रण पुन्हा जोडावयाचे. वर सांगितलेले तिन्ही संपादन प्रोग्राम हे करतात. प्रॉक्सीची शिस्त लागली, की मध्यम किमतीचा विंडोज लॅपटॉपही खोलीच्या कोपऱ्यात बसून काम निभावतो. केवळ वेगासाठी पन्नास हजार अधिक मोजण्यापूर्वी ही पद्धत आठवडाभर वापरून पाहण्याचा माझा आग्रह आहे. अर्थात प्रती तयार होण्यास वेळ लागतो, आणि त्याच सायंकाळी चित्रफीत द्यावयाची असेल तर तो वेळ नेमका आपल्याजवळ नसतो. अशा कामासाठी मॅकचे पारडे जड आहे, हे मान्य केले पाहिजे.

विंडोजकडे झुकण्याची कारणेही भक्कम आहेत. त्रिमितीय काम किंवा एनव्हिडियाच्या कार्डावर विसंबणारी साधने वापरणाऱ्याला मॅकमध्ये ते कार्ड मिळत नाही. विंडोजच्या अनेक लॅपटॉपांत रॅम व डिस्क नंतर वाढवता येते, आणि तालुक्याच्या गावीही ती बदलून देणारा कारागीर सापडतो. मॅकबुकमध्ये जेवढी रॅम घ्याल तेवढीच शेवटपर्यंत राहते. म्हणून सोळा जीबीपेक्षा कमी घेऊच नये, आणि फोरके चित्रणावर रंगसंस्कार करणाऱ्याने चोवीस किंवा बत्तीसचा विचार करावा. आपल्या मराठी मुद्रणालयांत आणि पत्रिका छापणाऱ्यांकडे श्री-लिपीसारख्या जुन्या फाँट-संकेतांतील मजकुराचे मोठे भांडार आहे आणि ते सारे विंडोजवर घडलेले आहे. चित्रफितीबरोबर पत्रिका, फलक, स्मरणिका हीही कामे करणाऱ्या घरात विंडोजला पर्याय शोधणे जिकिरीचे होते.

मराठी शीर्षकांचा प्रश्न मात्र सर्वत्र सारखाच आहे. युनिकोड मजकूर टाकूनही वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, जोडाक्षर फुटते, रफार हरवतो. यात दोष बहुधा कार्यप्रणालीचा नसतो. प्रीमियरच्या पसंतीक्रमांत दक्षिण आशियाई लिपींसाठीची मजकूर-मांडणी निवडावी लागते, आणि ती निवडलेली नसते. वधूचे नाव पडद्यावर चुकीचे उमटले तर पाहुणे प्रोसेसरची पिढी विचारत नाहीत.

लिनक्सविषयी आदराने, पण सावधपणे बोलतो. ब्लेंडर, केडेनलाइव्ह, क्रिटा, इंकस्केप, डार्कटेबल ही साधने तेथे विनामूल्य आणि उत्तम चालतात. ज्याचे काम त्यांवर भागते त्याने संकोच बाळगू नये. मात्र रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ व एच.२६५ चित्रण उघडत नाही, आणि बहुतेक कॅमेरे व मोबाइल चित्रण करतात ते नेमके याच स्वरूपांत. चित्रण आधी रूपांतरित करावे लागते किंवा सशुल्क आवृत्ती घ्यावी लागते. झाकण मिटल्यावर यंत्र नीट निद्रिस्त होते की पिशवीत तापत राहते, हेही लिनक्सवर मॉडेलनुसार बदलते. हा त्रास विंडोजच्याही काही लॅपटॉपांत आढळतो. प्रवासात दोन मिनिटे खर्चून यंत्र पूर्ण बंद करणे हाच त्यावर विश्वासाचा इलाज.

जुना लॅपटॉप स्वस्तात घेणाऱ्यांनी दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठीही २०२५ ची टाहो ही शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केले आहे. लॅपटॉप चालू राहील, पण संपादनाच्या प्रोग्रामांच्या नव्या आवृत्त्या हळूहळू त्याला नाकारू लागतील. लिखाण आणि छायाचित्रांच्या किरकोळ कामासाठी अशा यंत्रावर लिनक्स घालून ते आणखी काही वर्षे वापरता येते.

साठवणीचा हिशेबही आधीच करावा. सेकंदाला १०० मेगाबिट या गतीने चित्रण होत असेल, तर एका तासाचे ४५ जीबी होतात. तीन कॅमेरे प्रत्येकी चार तास चालले, की ५४० जीबी. तेच चित्रण प्रोरेस ४२२ या संपादनसुलभ स्वरूपात फोरके आकाराने ठेवल्यास तासाला सुमारे २२० जीबी लागतात. लॅपटॉपच्या आतील डिस्क याला कधीच पुरत नाही. बाहेरची एसएसडी आलीच. ती डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने आखलेली असेल, तर मॅक तिच्यावरील चित्रण वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही. मॅकची एपीएफएस विंडोजला वाचताच येत नाही. दोन्हींकडे वावरणारी डिस्क एक्सफॅट पद्धतीने आखावी. मात्र ती काढताना नेहमी रीतसर बाहेर काढावी, कारण अचानक उपटल्यास एक्सफॅटमधील नोंदी बिघडण्याचा धोका अधिक असतो. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या पिशवीत.

दुकानात जाताना आपल्या कॅमेऱ्यातील दहा मिनिटांचे खरे चित्रण एक्सफॅट पेनड्राइव्हवर सोबत न्यावे. चित्रण यंत्रावर उतरवून घ्यावे, चार्जर काढावयास सांगावे, प्रोग्राम उघडून तीन थर एकावर एक लावावेत, थोडा रंगसंस्कार करावा आणि ‘श्रद्धा’, ‘सूर्योदय’, ‘निमंत्रित’ हे शब्द शीर्षकात लिहून पाहावेत. वीस मिनिटे असेच काम करून बॅटरीचा आकडा किती टक्क्यांनी उतरला ते लिहून घ्यावे आणि त्याला तिनाने गुणावे. तासाचा खर्च कळतो. दुकानदार चार्जर काढू देत नसेल, तर शेजारच्या दुकानात जावे.