सालोमालो आणि फुकटची गाणी

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरच्या वाटेला लागते, तेव्हा मध्ये काटेवाडी येते. तेथे परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धावते. या सोहळ्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला बोलायचे आहे ते त्याच रस्त्याकडेला कर्ण्यावरून वाजणाऱ्या अभंगांविषयी. ती ध्वनिमुद्रणे कित्येकदा कुणीतरी फाइल-शेअरिंगच्या प्रोग्रॅममधून उतरवलेली असतात. तेथून ती मोबाइलच्या दुकानात जातात आणि दहावीस रुपयांत मेमरी कार्डात भरली जातात.

हा विषय काढला की साहित्याचे विद्यार्थी (आणि अधूनमधून प्राध्यापकही) एक ठरलेले उत्तर देतात : तुकोबांनी कुठे कॉपीराइट घेतला होता? उत्तर टाळ्या घेणारे आहे, पण चुकीचे आहे.

कायद्याचा भाग आधी उरकतो. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, याविषयी वाद नाही. परंतु आपण उतरवतो ते नुसते शब्द नव्हेत. श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेला अभंग घ्या. शब्द सतराव्या शतकातले, चाल खळ्यांची. खळे २०११ साली गेले. संगीतकृतीवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा, प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचा. ‘मी फक्त स्वतःपुरते ऐकतो’ हा बचावही तपासून पाहावा. १९५७च्या कायद्यातील खासगी वापराची सवलत २०१२च्या दुरुस्तीपर्यंत ध्वनिमुद्रणांना लागूच नव्हती. आता ती आहे. मात्र हे प्रोग्रॅम घेता घेता वाटतही असतात. तुमच्या संगणकावर उतरलेला तुकडा त्याच क्षणी दुसऱ्या कुणाला पोचवला जातो. त्याला खासगी कसे म्हणावे? गंमत अशी की धार्मिक समारंभात ध्वनिमुद्रण वाजवण्याला हाच कायदा सूट देतो. म्हणजे प्रश्न कर्ण्याचा नाही, कर्ण्याला जोडलेल्या कार्डाचा आहे.

पण कायदा हा माझा खरा मुद्दा नव्हे. तुकोबांना साक्षीला बोलावणाऱ्यांनी गाथा नीट वाचलेली नाही, ही माझी तक्रार आहे. गाथेत सालोमालोचा उल्लेख येतो. परंपरा सांगते की हा गृहस्थ तुकोबांचे अभंग त्यांची नाममुद्रा काढून, तेथे आपली घालून कीर्तनात गात असे. तुकोबांनी त्याच्यावर जे कोरडे ओढले आहेत ते मुळातूनच वाचावेत. अभंग उतरवून घेणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता. संताजी जगनाडे यांच्या वह्या उतरवून घेतलेल्याच आहेत. वारकऱ्यांनी साडेतीनशेहून अधिक वर्षे मुक्तपणे नकलून घेतले, पाठ केले, गायले. मात्र प्रत्येक वेळी शेवटच्या चरणात ‘तुका’ शाबूत ठेवला. नक्कल मोकळी आणि नाव पक्के, असा तो व्यवहार होता.

फुकट उतरवलेल्या फाइलींत याच्या नेमके उलटे घडते. गायकाच्या रकान्यात संकेतस्थळाचे नाव, संगीतकाराचा रकाना रिकामा, शीर्षक ‘ट्रॅक ०३’. सालोमालोला निदान कीर्तन तरी करावे लागत होते.

कंपन्यांची वकिली करण्याची मला हौस नाही. १९४९ साली ‘महल’च्या तबकडीवर लता मंगेशकरांच्या जागी ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले गेले होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्यांच्या बाजूने कौल दिला आणि कवी-संगीतकारांच्या हाती फारसे काही उरले नाही. ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नात त्यांना समान वाटा देणारा, सोडून देता न येणारा हक्क कायद्यात आला २०१२ साली. खळे त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. तेव्हा ‘कंपनीला बुडवले तर बिघडले काय’ हा संताप मला समजतो. पण तो मिरवणाऱ्याने कंपनीला टाळून संगीतकाराला चार पैसे धाडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कंपनीने निदान वेष्टनावर ‘संगीत : श्रीनिवास खळे’ एवढे छापले होते, आपण तेही फेकून दिले.

नॅपस्टर १९९९ मध्ये निघाले आणि २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर बंद पडले. त्या काळात आडगावी कॅसेट मिळत नसे, हे कारण खरे होते. आज तेच अभंग अधिकृतपणे, पैसे न देता ऐकता येतात. कारण संपले, सवय राहिली.

गेल्या वर्षी वर्गात खळ्यांची एक चाल लावली. पालखीमार्गावरच्या गावांतली मुले ती शेवटपर्यंत बरोबर गात होती. चाल कुणाची, असे विचारल्यावर सगळे थांबले. मग एकाने फोन काढला, फाइल शोधली आणि एका संकेतस्थळाचे नाव मोठ्याने वाचून दाखवले.