गावठी म्हणे!

पुण्यातला एक रॉकवेडा मित्र मध्यंतरी कामथडीला आमच्याकडे जेवायला आला होता. अंगात काळा टी-शर्ट, छातीवर लिनर्ड स्किनर्ड या बँडचं नाव आणि त्यामागे तांबड्यावर निळी फुली असलेला झेंडा. आम्ही पानावर बसलो आणि घरासमोरून वरात निघाली. बेंजो तापला होता. साहेबांनी कानांवर हात ठेवले आणि म्हणाले, "काय गावठी आवाज आहे रे!" त्याच्या वाटीतला रस्सा परत पातेल्यात ओतावा, असं मला वाटून गेलं.

ज्या बँडपुढे हा गृहस्थ उदबत्ती ओवाळायचाच बाकी आहे, तो बँड कुठला? फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या कष्टकरी वस्तीतला. तालमीची जागा म्हणजे गावाबाहेरची पत्र्याची खोपटी. उन्हाळ्यात ती इतकी तापायची की पोरांनी तिचं नावच नरकाचं घर ठेवलं होतं. दिवस दिवस तिथं घासून घासून गाणी पक्की केली. अलाबामात आधी करून ठेवलेलं ध्वनिमुद्रण कुठल्याही कंपनीनं उचललं नाही. शेवटी अल कूपर नावाचा न्यूयॉर्ककडचा माणूस भेटला, जॉर्जियातल्या डोराव्हिलच्या स्टुडिओत काम झालं आणि १३ ऑगस्ट १९७३ ला पहिला अल्बम बाहेर पडला. त्याचं नाव म्हणजे बँडचं नाव कसं उच्चारायचं याची फोड. आम्ही आमचे हेल बदलणार नाही, तुम्हीच जीभ वळवा, असा रोखठोक मामला! नावही कुठून आलं, तर लांब केसांवरून पोरांच्या मागे लागणाऱ्या लेनर्ड स्किनर या पी.टी.च्या मास्तरांवरून. आमच्याकडे मास्तरांचं टोपणनाव शाळेच्या मुतारीच्या भिंतीपुढे जात नाही.

त्या अल्बमच्या शेवटी 'फ्री बर्ड' आहे, नऊ मिनिटांचं. पियानो बिली पॉवेलचा. हा गडी आधी बँडचं सामान वाहायचा. एकदा एका शाळेच्या कार्यक्रमात पियानो दिसला तसा बसला आणि याच गाण्यासाठी मनात रचलेली सुरुवात वाजवून दाखवली. बाकीच्यांचे डोळे पांढरे झाले. हमालाचा वादक झाला. आमच्या बेंजो पार्टीच्या छोट्या हत्ती टेम्पोत जनरेटरला टेकून बसणाऱ्या पोराला असं कोणी 'बस, वाजव' म्हणतं का, हे मला विचारू नका.

आणि बेंजो म्हणजे तरी काय? मूळची जपानी तायशोगोतो, आपल्याकडे येऊन झाली बुलबुलतरंग. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात पत्ती, खाली ताणलेल्या तारा. त्याला पिकअप बसवून वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली की ती विजेवरची गिटारच. बाजूला पॅड, रोटो, कच्छी ढोल. आमच्याकडे गणपतीच्या आधी महिनाभर रिकाम्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये तालीम चालते. वर पत्र्यावर श्रावणाचा पाऊस, खाली तुसाचा वास. मित्राला हीच जागा फ्लोरिडात दाखवली असती तर त्यानं तिथं चपला काढून पाऊल टाकलं असतं.

त्याच्या छातीवरच्या झेंड्याबद्दलही सांगून टाकतो. १८६१ ते १८६५ मध्ये गुलामगिरी टिकवायला लढलेल्या फौजेचं ते निशाण. बँडनं पुढं ते मंचावर मिरवलं, म्हणून ते काही पवित्र झालं नाही. त्यात आमच्या बेंजोचा नामबंधू, खुद्द अमेरिकी बँजो, घडवला तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून नेलेल्यांनी. दक्षिणी रॉकच्या अंगात त्यांचा ब्लूज भिनलेला आहे. हे ठाऊक नसताना झेंडा छातीवर, आणि गावठी कोण? तर आम्ही!

पण मित्राला एवढं झापल्यावर घरच्यांना सोडणं बरं नाही. आमच्या बेंजो पार्ट्या वाजवतात काय? गेल्या महिन्यात गाजलेलं सिनेमाचं गाणं. त्याच्या आधी? त्याच्या आदल्या महिन्यातलं. बोटांत एवढी चलाखी, आणि पदरी स्वतःची एक चाल नाही! सुपारी घ्यायची, हळदीपासून वरातीपर्यंत उसनं वाजवायचं आणि पुढच्या सीझनला डीजेवाल्यानं पोटावर पाय दिला म्हणून रडायचं. स्पीकरच्या भिंतीशी उसन्या गाण्यावर कोण जिंकणार? कूपरसारखा कोणी वाट चुकून कामथडीच्या पुलाखालून आत आलाच, तर त्याला ऐकवणार काय?

हेच मी आमच्या बेंजोवाल्याला शेडमध्ये जाऊन तोंडावर विचारलं. तो चिडला नाही. पत्ती पुसली आणि दोनेक मिनिटांची एक चाल वाजवली. मधे एक जागा अशी घेतली की पॅडवालाही हात थांबवून बघत राहिला. मी नाव विचारलं.

"नाव नाय ठेवलं, काका. वरातीत एकदा काढली होती. पोरांनी मोबाईल नाकासमोर धरला, म्हणाली, हे बंद कर, हे वाजव."