पहाटेचं स्वप्न खरं होतं का?



रात्री कधी दचकून उठलाय? छातीत धडधड, घसा कोरडा, अंग घामाने ओलं, आणि शेजारी ताई मात्र डाराडूर! मग आपण पांघरूण डोक्यावरून ओढून घेतो आणि सकाळी कुणाला काही सांगत नाही. का बरं? एक तर सगळे हसतील म्हणून. आणि दुसरं म्हणजे मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं असतं, 'पहाटेचं स्वप्न खरं होतं!'

आमच्या नाशिकच्या शाळेत चौथीतला एक मुलगा असाच आठवडाभर गप्प होता. वर्गात पेंगायचा, डबा तसाच परत न्यायचा. खूप विचारल्यावर कळलं. त्याचे वडील द्राक्षांचा ट्रक घेऊन कसारा घाटातून वाशीच्या बाजारात जातात. तो ट्रक दरीत कोसळल्याचं स्वप्न त्याला पहाटे पडलं होतं. वडील दर खेपेला सुखरूप परत येत होते, तरी भीती जात नव्हती. "बाई, सांगितलं तर खरं होईल ना?" म्हणाला आणि रडायलाच लागला. एवढंसं पोर, आणि एवढं ओझं एकट्याने वाहत होतं! त्या दिवशी गणिताचा तास बाजूला ठेवून आम्ही स्वप्नांवरच बोललो. तेच आज तुम्हाला सांगते.

अमेरिकेत शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी झोपेचा अभ्यास करत होता. त्याने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवल्या आणि रात्री यंत्रावर नोंदी घेतल्या. तर काय! मुलगा गाढ झोपलेला, पण मधूनमधून बंद पापण्यांआड त्याचे डोळे भराभर हलत होते. पुढे मोठ्या माणसांना अशा वेळी उठवून विचारलं, तेव्हा बहुतेकांनी सांगितलं की स्वप्न पडत होतं. ॲसेरिन्स्की आणि त्याचे गुरू नॅथॅनिअल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये हा शोध जाहीर केला.

ही डोळे हलण्याची झोप साधारण दर दीड तासाने येते. पहिल्यांदा थोडीच मिनिटं टिकते, पण पहाटेकडे ती लांबत जाते. म्हणून लांबलचक, ठसठशीत स्वप्नं पहाटे जास्त पडतात. त्यातच जाग आली, की ती लक्षात राहतात. आता कळलं गुपित? पहाटेची स्वप्नं खरी होत नाहीत, ती फक्त जास्त आठवतात! पहाटेच्या स्वप्नात आपण उडतो, परीक्षेला उशिरा पोचतो, दात पडलेले बघतो. त्यातलं किती खरं झालं, सांगा बरं! घाटात अपघात होऊ शकतो, म्हणून तर वडील निघताना ब्रेक तपासतात. पण तो स्वप्नामुळे होत नाही, आणि सांगितल्यामुळे तर नाहीच नाही.

मग वाईट स्वप्नं पडतात तरी का? आपली म्हणच आहे, 'मनी वसे ते स्वप्नी दिसे.' पेपरात उसातल्या बिबट्याची बातमी वाचली, की रात्री बिबट्या येतो. त्या मुलाला वडिलांची काळजी होती, म्हणून ट्रक आला. ताप आला, जागरण झालं, रात्री भुताचा सिनेमा पाहिला, तरीही अशी स्वप्नं पडतात.

आता उपाय. दिवसा, उजेडात, त्या स्वप्नाचं चित्र काढा आणि शेवट बदला. हवा तसा! आमच्या पठ्ठ्याने ट्रकला दोन पंख काढले आणि खाली लिहिलं, 'वाशीला वेळेवर पोचला.' हा नवा शेवट रोज थोडा वेळ डोळे मिटून मनात बघायचा. डॉक्टरसुद्धा हा उपाय सुचवतात बरं का!

पण काही स्वप्नं चित्राने जात नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. हजारो माणसं गेली. असं काही सोसल्यावर झोपेचीच भीती वाटली, तर त्याला भित्रेपणा म्हणायचं का? मुळीच नाही! अपघात पाहिला असेल, घरातलं कुणी गेलं असेल, किंवा कुणी त्रास देत असेल, तर तेच तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडू शकतं. अशा वेळी आईबाबांना किंवा बाईंना, सरांना नक्की सांगा. गरज पडली तर डॉक्टरांकडे जायचं. घरी सांगता येत नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि तो रात्रंदिवस चालू असतो.

तर या रविवारी एक काम करा. तुमच्या सगळ्यात भीतिदायक स्वप्नाचं चित्र काढा, नव्या शेवटासकट, आणि आजी-आजोबांना दाखवा. मग हळूच विचारा, "तुम्हाला लहानपणी कुठलं स्वप्न पडायचं हो?" बघा, काय काय ऐकायला मिळतं ते!

तुमच्या बाई